पाहते, पण ओळखत नाही

(वसंत व्याख्यानमालेत २० मे रोजी झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होतं, त्यांच्या हाताखाली मी बालरोग शिकले. सरांची एक शिस्त होती. ताप किती, नाडी किती हे सगळं नंतर. केसपेपरवर सगळ्यात वर आईचं पहिलं वाक्य लिहायचं आणि तेही तिच्याच शब्दांत. एकदा मी लिहिलं, ‘बाळ सुस्त आहे.’ सरांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. म्हणाले, "हे तुमचं वाक्य झालं. बाई काय म्हणाली?" बाई म्हणाली होती, "दूध ओढत नाही, नुसतं तोंडात धरून राहते." सरांनी ते ऐकलं आणि बाळाच्या टाळूवर अलगद बोटं ठेवली. टाळू फुगून वर आली होती. मेंदूच्या आवरणाला सूज होती. ते बाळ वाचलं, कारण आईच्या बोलण्याकडे कुणीतरी वेळेवर लक्ष दिलं.

आज मी पावसाळ्यातल्या मेंदूज्वराविषयी बोलणार आहे, आणि तेही अशाच एका वाक्यापासून.

२००७ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आली होती. त्या दिवसांत एका सकाळी नऊच्या सुमारास एक बाई पाच वर्षांच्या मुलीला खांद्यावर टाकून वॉर्डात आली. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मुलगी अंगणात खेळत होती. रात्री दहाला अंग तापलं, दोन उलट्या झाल्या. पहाटे तीनला घरच्यांनी तिला जवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि सकाळपर्यंत ताप उतरेल म्हणून घरी पाठवलं. पाचला आकडी आली. मग गाडी मिळवण्यात दोन तास गेले. मी केसपेपर घेतला आणि सवयीने आईचं वाक्य वर लिहिलं: "माह्याकडं पाह्यते जी, पण मले वळखत नाही." हेच वाक्य ती पहाटे तीन वाजता त्या डॉक्टरांनाही म्हणाली होती. दुपारी दोनच्या आत मुलगी गेली. तिच्या एकाच पायात तोरडी होती. दुसरी वाटेत कुठेतरी पडली असावी. आई ती एक तोरडी हातात घेऊन जिन्यावर बसून राहिली होती.

पहाटे तीनलाच तिला मोठ्या रुग्णालयात हलवलं असतं तर ती नक्की वाचली असती, असं मी म्हणणार नाही. हा आजार फार निर्दय आहे. पण ते सहा तास तिच्या हक्काचे होते, ते तिला मिळायला हवे होते.

त्या साथीत तपासलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांच्या आजारामागे चांदीपुरा विषाणू निघाला. हे नाव आपल्याकडचंच आहे. १९६५ साली नागपुरात तापाची साथ सुरू असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने रुग्णांच्या रक्ताचे नमुने घेतले. हेच केंद्र पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झालं. शोध चिकनगुनिया आणि डेंग्यूचा होता, पण दोन रुग्णांच्या रक्तात निराळाच विषाणू हाती लागला. नागपूरकडच्या चांदीपुरावरून त्याचं नाव पडलं. भट आणि रॉड्रिग्ज या संशोधकांनी १९६७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पकडलेल्या वाळूमाशांमध्येही तो सापडला. रेबीजचा विषाणू ज्या कुळातला, त्याच कुळातला हा. तरी जवळजवळ चाळीस वर्षं त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. साधा ताप आणणारा किरकोळ विषाणू अशीच त्याच्याबद्दल समजूत होती.

२००३ च्या जून ते ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशात, मुख्यतः आज जो भाग तेलंगणात आहे तिथे, ३२९ मुलं मेंदूज्वराने आजारी पडली. त्यांतली १८३ दगावली. तेव्हा कुठे या नावाला वजन आलं. त्यानंतर आपला विदर्भ झाला, गुजरात झाला. २०२४ च्या पावसाळ्यात जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, ८२ मृत्यू झाले. २४५ रुग्णांपैकी ६४ जणांमध्ये चांदीपुरा विषाणू सापडला, ६१ गुजरातमध्ये आणि ३ राजस्थानात. गेल्या वीस वर्षांतली ही त्याची सर्वांत मोठी साथ. त्याच्यावर आजही लस नाही, खास औषध नाही. ज्या विषाणूला आपल्या मातीचं नाव आहे, तो आपल्या शाळामास्तरांना, पोलीसपाटलांना आणि आजीबाईंना परसातल्या सापाइतकाच ठाऊक असायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

त्याला घरात आणते ती वाळूमाशी, इंग्रजी नावाने सँडफ्लाय. नावात वाळू आहे ती रंगामुळे. ती दोन-तीन मिलिमीटरची, अंगावर बारीक लव असलेली, बसताना पंख वर उभे धरणारी. डासासारखी कानाशी गुणगुणत नाही, त्यामुळे चावल्याचा पत्ता लागत नाही. तिला लांब उडता येत नाही, ती उड्या मारत मारत सरकते. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून सहज आत शिरते. दिवसभर ती भिंतीच्या भेगेत, गोठ्याच्या कोपऱ्यात, गोवऱ्यांच्या उडव्यात दडून बसते. ओल, अंधार आणि शेणामातीचा कुजका थर मिळाला की तिथेच अंडी घालते. पहिल्या पावसाने माती भिजली की तिचे दिवस येतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना या विषाणूचा सर्वांत जास्त धोका असतो.

आता मला एक कालगणना मांडायची आहे. आपल्याकडे शेतकऱ्याला नक्षत्रं सांगावी लागत नाहीत. मेंदूज्वरही नक्षत्रांप्रमाणेच येतो. मृगापासून आश्लेषापर्यंत चांदीपुऱ्याची भीती जास्त. धानाची रोवणी होऊन बांध्या भरल्या की जपानी मेंदूज्वराचे डास वाढू लागतात आणि पोळ्यानंतर त्याचे रुग्ण दिसायला लागतात. गवत कमरेइतकं वाढलं की स्क्रब टायफस येतो, तो पार दिवाळीपर्यंत राहतो. जंगलपट्ट्यात, विशेषतः गडचिरोलीकडे, मेंदूचा मलेरिया या सगळ्या काळात असतोच. याचं वेळापत्रक काही कुणी छापून देत नाही, आणि एखाद्या वर्षी ते पुढेमागेही होतं. तरी आलेल्या रुग्णाकडे पाहताना बाहेर शेतात काय चाललं आहे हे डॉक्टरांच्या ध्यानात असावं.

जपानी मेंदूज्वर नावाने परका वाटतो. जपानमध्ये तो प्रथम ओळखला गेला म्हणून ते नाव. आपल्या देशात १९५५ साली वेल्लोरकडे त्याचा पुरावा मिळाला आणि १९७३ मध्ये पश्चिम बंगालमध्ये बांकुऱ्याला पहिली मोठी साथ आली. हा विषाणू मुळात बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांचा आणि डुकरांचा. भाताच्या साचलेल्या पाण्यात वाढणारे क्युलेक्स डास तो त्यांच्यात फिरवत असतात आणि मध्ये सापडलं की माणसाला चावतात. माणसाच्या रक्तात तो इतका वाढत नाही की पुन्हा डासाला मिळावा. म्हणून आजारी मुलाजवळ बसल्याने, त्याचं उष्टं खाल्ल्याने कुणालाही काही होत नाही. साथीच्या दिवसांत अशा घरावर गाव बहिष्कार घालतं, हे मी पाहिलं आहे. ते थांबलं पाहिजे.

हा विषाणू शिरलेल्या साधारण अडीचशेंपैकी एकालाच मोठा आजार होतो. पण ज्याला होतो त्याचं आयुष्य बदलून जातं. मेंदूज्वर झालेल्यांपैकी तीस टक्क्यांपर्यंत रुग्ण दगावतात. जे वाचतात त्यांतल्या कित्येकांना बोलता येत नाही, चालता येत नाही, फिट्स सुटत नाहीत. २००५ साली गोरखपूर आणि पूर्व उत्तर प्रदेशात तेराशेहून जास्त माणसं मेली, बहुतेक मुलंच होती, तेव्हा कुठे देशाला जाग आली आणि २००६ पासून लसीची मोहीम सुरू झाली. म्हणजे याच्यावर लस आहे! भंडारा, गडचिरोलीसारख्या ज्या जिल्ह्यांत हा आजार आहे तिथे ती सरकारी लसीकरणात फुकट मिळते: पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. दुसऱ्या डोसाच्या वेळी बाळ चालायला लागलेलं असतं, आई रोवणीला जात असते, आणि तो डोस राहून जातो. माझ्यासमोर बसलेल्या आशाताई आणि अंगणवाडीताई हसताहेत, कारण त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

गोरखपूरच्या गोष्टीला पुढचा एक भाग आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. लस आली, जपानी मेंदूज्वर कमी झाला, तरी मुलं आजारी पडतच राहिली. मग शोध घेता घेता कळलं की त्यांतल्या मोठ्या हिश्शाला स्क्रब टायफस होता. स्क्रब टायफसचा जंतू विषाणू नाही. गवतात, झुडपांत राहणाऱ्या अगदी बारीक, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किड्यांच्या पिल्लांच्या चाव्यातून तो येतो, आणि डॉक्सिसायक्लिन किंवा अॅझिथ्रोमायसिन या जुन्या, स्वस्त औषधांनी बरा होतो. २०१८ मध्ये नागपूर भागातही त्याचे बरेच रुग्ण निघाले. आठवड्याभराचा ताप अंगावर काढला तर तो मेंदूपर्यंत पोहोचतो. चावलेल्या जागी बऱ्याचदा एक काळी खपली येते, विडीचा चटका बसावा तशी. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ती काखेत असते, जांघेत असते, कमरेच्या करगोट्याखाली असते, कानामागे केसांत असते. मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते, तापाच्या रुग्णाचे कपडे काढून उजेडात पाहा. एका आजोबांची खपली आम्हाला चौथ्या दिवशी सापडली, धोतराच्या गाठीखाली. तोवर त्यांच्या सगळ्या महागड्या तपासण्या झाल्या होत्या. औषध सुरू केल्यावर दोन दिवसांत त्यांनी चहा मागितला.

मेंदूज्वर दिसला की विषाणूच असणार आणि इलाज नसणार, अशी हताश समजूत डॉक्टरांमध्येही असते. तीच घातक आहे. मेंदूचा मलेरिया आर्टेसुनेटच्या इंजेक्शनने बरा होतो. पू होणारा मेंदूच्या आवरणाचा दाह योग्य अँटिबायोटिकने बरा होतो. आणि बिहारमधल्या मुझफ्फरपूरचं तर काय सांगावं! तिथे वर्षानुवर्षं मे-जूनमध्ये मुलं सकाळी आकड्या येऊन मरत होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं की रात्री उपाशी झोपलेल्या मुलांनी लिची खाल्ली की तिच्यातल्या द्रव्यामुळे रक्तातली साखर एकदम खाली जात होती. मुलांना संध्याकाळी पोटभर जेवू घाला आणि आकडी आलेल्या मुलाची साखर आधी तपासा, एवढ्याने जीव वाचतात. तो आजार पावसाळ्याचा नाही, संसर्गही नाही. पण शुद्ध हरपलेल्या प्रत्येक मुलाची साखर पहिल्या पाच मिनिटांत तपासायची हा धडा त्याने सगळ्यांना दिला.

आता पाठीतलं पाणी. या एका गोष्टीपायी मी जेवढी भांडणं केली तेवढी कशापायीही केली नसतील. मेंदूज्वराचं कारण कळायला पाठीच्या कण्यातलं पाणी तपासावं लागतं. आणि "पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो" ही भीती घराघरात बसलेली आहे. नातेवाईक सही करत नाहीत, कधी कधी रुग्ण उचलून घेऊन जातात. म्हणून नीट सांगते. मेंदूतून निघणारी मज्जारज्जूची दोरी कमरेच्या वरच्या भागातच संपते. सुई त्याच्या बरीच खाली घालतात, तिथे दोरी नसते. मोठ्या माणसात हे पाणी एका वेळी साधारण दीडशे मिलिलिटर असतं आणि शरीर रोज सुमारे पाचशे मिलिलिटर नवं तयार करतं. आम्ही काढतो ते चमचाभर असतं आणि थोड्या वेळात भरून येतं. मेंदूवर दाब वाढलेला असेल तर डॉक्टर स्वतःच थांबतात, आधी दाब उतरवतात. लुळेपणा येतो तो आजाराने येतो, आणि अनेकदा तपासणीला उशीर झाल्याने येतो. पाणी काचेसारखं निवळ आलं की एक दिशा कळते, गढूळ आलं की दुसरी. ते पाणी नळीत उतरताना पाहणं हा माझ्या कामातला सर्वांत धडधडीचा क्षण असतो, आजही.

घरी ओळखायचं कसं? लहान मुलांना तापात आकडी येते, सहा महिने ते पाच वर्षांच्या वयात ती बऱ्यापैकी सर्रास दिसते. ती थोडा वेळ टिकते, आणि ओसरल्यावर मूल थोडं झोपून उठतं, आईला ओळखतं, पाणी मागतं. अशा मुलालाही पहिल्या खेपेला डॉक्टरांना दाखवायचंच. पण आकडीनंतर मूल शुद्धीवरच येत नसेल, पुन्हा पुन्हा आकडी येत असेल, मोठं मूल किंवा प्रौढ माणूस तापात बरळत असेल, भलतंच वागत असेल, उलट्या थांबत नसतील, मान ताठ झाली असेल, हनुवटी छातीला टेकत नसेल, तान्ह्याची टाळू फुगली असेल, ते दूध सोडून किरकिऱ्या चिरक्या आवाजात रडत असेल, तर ताप किती आहे हे मोजत बसू नका. निघा. १०८ ला फोन करा. ज्या ठिकाणी श्वासाला आधार देता येतो, झटके थांबवता येतात, मेंदूवरची सूज उतरवता येते, तिथे पोहोचा. चांदीपुऱ्यात पहिल्या लक्षणापासून मृत्यूपर्यंत कधी कधी चोवीस तासही मिळत नाहीत.

बरळणारं मूल पाहून आजही कुणी म्हणतं, बाहेरचं लागलं, पावसाळ्यातली अवस आहे. अंगारा लावायला माझी हरकत नाही. तो गाडीत बसल्यावर लावा.

आकडी चालू असताना मुलाला कुशीवर वळवा, म्हणजे ओकारी आत जाणार नाही. दातांत चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात पाणी घालू नका. घड्याळ पाहा, पाच मिनिटांवर आकडी चालली तर ती आपोआप थांबेल म्हणून वाट पाहणं धोक्याचं. तापासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या, अॅस्पिरिन मुलांना कधीच नाही.

केरळमध्ये अलीकडे गाजलेल्या अमिबाबद्दलही लोक मला विचारतात. हा जीव कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात असतो आणि नाकातून थेट मेंदूत जातो; ते पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही. तो फार विरळा आहे आणि फार मारक. तरी २०२४ मध्ये केरळातला एक शाळकरी मुलगा निदान वेळेत झाल्यामुळे वाचला. साचलेल्या डबक्यात, तळ्यात सूर मारून नाकात पाणी जाऊ देऊ नका. जलनेती करणाऱ्यांनी पाणी उकळून निववूनच वापरावं, नळाचं तसंच नको.

आता राहिलं घर. वाळूमाशीची वस्ती मोडायला फवारणी लागते, ती ग्रामपंचायतीने आणि आरोग्य केंद्राने करायची, आणि फवारणीवाले दारात आले तर "देवघरात नको, चुलीजवळ नको" म्हणून त्यांना ओसरीवरून परत पाठवायचं नाही. पण भेगा बुजवणं आपल्या हातात आहे. पूर्वी बाया मृगाच्या आधी घर लिंपून पोतारून घ्यायच्या. आता अर्धं घर सिमेंटचं, अर्धं मातीचं असतं, आणि जिथे दोन्ही भिंती मिळतात तिथे बोटभर फट राहते. लिंपायचं बंद झालं, प्लास्टर परवडलं नाही. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त भेगा त्या सांध्यातच असतात. गोठा घरापासून जमेल तेवढा लांब हवा, उकिरडा तर नक्कीच. गोवऱ्यांचा ढीग भिंतीला लावून रचू नका. मुलांना जमिनीवर झोपवू नका, ही माशी खालूनच फिरते. बारीक विणीची किंवा औषध लावलेली मच्छरदाणी वापरा, संध्याकाळपासून मुलांचे हातपाय झाकलेले ठेवा. आणि स्क्रब टायफस टाळायचा तर शेतातून, गवत कापून आलेल्या माणसाने गवतावर टाकलेला शर्ट पुन्हा अंगात घालू नये. आंघोळ करून कपडे बदलावेत.

इथे बसलेल्या डॉक्टर मित्रांना एकच विनंती आहे. पावसाळ्यात रात्री-अपरात्री एखादी आई येईल. तापमापक लावण्याआधी तिला विचारा, काय वेगळं वाटलं? आणि ती सांगेल ते तिच्या शब्दांत लिहून घ्या.

बाकी सगळ्यांना सांगणं असं. आज २० मे. मृगाला अठरा दिवस उरले आहेत. घरी गेल्यावर मुलांची खाट ज्या भिंतीला लागून आहे, ती भिंत आज रात्रीच बॅटरी लावून एकदा खालपासून वरपर्यंत पाहून घ्या.